जुन्या मॅकबुकवर रेकॉर्डिंग करताय? अपग्रेडला देण्याआधी हे वाचा

२०१२ चे डीव्हीडी ड्राइव्हवाले मॅकबुक प्रो अजूनही कितीतरी घरगुती स्टुडिओंत रोज चालते. रॅम आणि साधी अडीच इंची डिस्क दोन्ही बदलता येतील असा ॲपलचा हा शेवटचा लॅपटॉप. शिवाय फायरवायरचे पोर्ट आहे, त्यामुळे त्या काळात घेतलेला चांगला ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्ये लॅपटॉपला जोडणारी पेटी) थेट लागतो. असे मशीन भंगारात काढू नका, असेच आम्ही सांगू. मात्र अपग्रेडसाठी आमच्याकडे आणण्याआधी एक ठरवून या: कोणते सॉफ्टवेअर काही झाले तरी सोडायचे नाही?

सिस्टिम कुठवर न्यायची

या मॉडेलवर मॅकओएस अधिकृतपणे कॅटालिनापर्यंत चढते, आणि खरी गोम तिथेच आहे. २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिनाने ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीने बांधलेले सॉफ्टवेअर कायमचे बंद केले. तिच्या आधीची मोहावे ते चालवणारी शेवटची. घाईत अपडेट केले की जुना सिंथ (वाद्यांचे आवाज काढणारे सॉफ्टवेअर) उघडत नाही, कधी इंटरफेसचे कंट्रोल पॅनलही उघडत नाही, आणि मागे फिरायचे तर डिस्क पुसावी लागते.

मोहावेवर असाल तर 'अबाउट धिस मॅक'मधून सिस्टिम रिपोर्ट उघडा आणि 'लेगसी सॉफ्टवेअर' पाहा. ३२-बिट प्रोग्रॅम तिथे दिसतील. प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेले जास्तीचे आवाज आणि इफेक्ट) मात्र दिसतीलच असे नाही, त्यांची यादी हाताने करा. यादीतले एकही ३२-बिट सॉफ्टवेअर रोजच्या कामाचे असेल तर मोहावेवरच थांबा. मोहावेला आता सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, म्हणून बँकेचे व्यवहार आणि ईमेल या मशीनवर नकोत.

कॅटालिनाच्या पुढची सिस्टिम पॅच करून चढवता येते. ज्या मशीनवर लोकांची रेकॉर्डिंग्ज अवलंबून आहेत, त्यावर आम्ही ते करत नाही.

पैसे कुठे घालावेत

आधी एसएसडी. प्रोजेक्ट उघडणे, तबल्या-तानपुऱ्याचे सॅम्पल लोड होणे, इथे फरक लगेच जाणवतो. मग रॅम: ॲपलच्या कागदावर ८ जीबीची मर्यादा आहे, पण ८ जीबीच्या २ पट्ट्या घालून १६ जीबी व्यवस्थित चालते.

१३ इंची मॉडेलमध्ये डिस्कला जोडणारी चपटी केबल ॲल्युमिनियमच्या बॉडीवर घासून खराब होते. कॉपी मध्येच अडकते, किंवा सुरू करताना प्रश्नचिन्हाचे फोल्डर येते. लोक डिस्कला दोष देतात, नवी डिस्क घालतात आणि महिन्याभरात तीच तक्रार घेऊन येतात. म्हणून एसएसडी बसवताना आम्ही केबलही बदलतो आणि तिच्याखाली इन्सुलेशन टेप लावतो. ट्रॅकपॅडचे बटण घट्ट झाले असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते; तेही तेव्हाच पाहतो.

काय बदलणार नाही

प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला आहे, तो बदलत नाही. त्यामुळे गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल, तर तो एसएसडीने किंवा रॅमने सुटणार नाही. तो बफरचा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा साठवून पुढे पाठवतो याचा प्रश्न आहे. ४४.१ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलीसेकंद, १२८ चा म्हणजे जेमतेम ३. इंटरफेस आणि ड्रायव्हर यांचा वेळ त्यावर वेगळा. गाणे घेताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा, जड प्लगइन बंद करा किंवा ट्रॅक फ्रीझ करा (प्लगइनसकट तयार आवाज साठवून ठेवा). मिक्सिंगला १०२४ वर जा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचे, म्हणजे लॅपटॉपमधून न फिरवता आवाज थेट हेडफोनला देणारे बटण असेल तर तेच सर्वांत उत्तम.

आणताना

काही प्लगइनचे लायसन्स जुन्या डिस्कशी बांधलेले असते. जिथे जमते तिथे ते आधी डीॲक्टिव्हेट करा आणि सीरियल नंबर लिहून ठेवा. आम्ही जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर काढतो. जुनी डिस्क न पुसता तुम्हालाच परत देतो. नव्यावर सगळे प्रोजेक्ट उघडून पाहीपर्यंत तिला हात लावू नका.

लॅपटॉपसोबत चार्जर, इंटरफेस, त्याची फायरवायर केबल आणि एक जड प्रोजेक्ट घेऊन या. काम झाल्यावर तोच प्रोजेक्ट तुमच्यासमोर चालवून आणि एक ट्रॅक रेकॉर्ड करूनच मशीन ताब्यात देऊ.