‘सगळे एकच’ नसतात: मनाच्या डॉक्टरांविषयी खुलासा

रंकाळ्यावर भेळ खाताना शेजारच्या बाकावरच्या काकू सांगत होत्या, “पोरगी झोपत न्हाई, पण त्या डॉक्टरकडं नको. नुसत्या झोपंच्या गोळ्या देत्यात, मग सुटत न्हाईत.” हा समज कोल्हापुरात वर्षानुवर्षं फिरतोय. त्याच्या जोडीला दुसरा: समुपदेशक काय नि मानसोपचारतज्ज्ञ काय, सगळे एकच.

तसं नाही. मानसोपचारतज्ज्ञ आधी एमबीबीएस झालेला असतो, मग मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तत्सम पदवी. औषध लिहून देतो तो हाच. आणि नैराश्यावरची नेहमीची औषधं झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सवय लागते ती प्रामुख्यानं काही झोपेच्या आणि शामक गोळ्यांची. तरी नैराश्याची औषधंही मनानं एकदम बंद करू नयेत. चक्कर, अस्वस्थता येते आणि लोक म्हणतात, “बघा, सुटत न्हाई!”

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, पण गोळी लिहीत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते. ती विचारायला लाजू नका. समुपदेशक ही पाटी मात्र चार दिवसांचा कोर्स केलेलाही लावतो, त्यामुळं शिक्षण विचाराच.

सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जा, किंवा १४४१६ वर फोन करा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, मराठीतही बोलतात.