लाट आणि कल : कपड्याच्या दुकानात दोन्ही सारखेच का दिसतात

एका कुर्तीचे ४० नग दुकानात आले आणि २१ दिवसांत २६ गेले. म्हणजे ६५ टक्के माल विकला. आकडा छान आहे, पण तो लाटेचाही (झटकन चढून उतरणाऱ्या मागणीचा) असू शकतो आणि कलाचाही (टिकणाऱ्या मागणीचा). पहिल्या तीन आठवड्यांत दोघांचा आकडा सारखाच दिसतो. लाट असेल तर भरभरून पुन्हा मागवलेला माल फळीवर पडून राहतो. कल असेल आणि तुम्ही घाबरून मागवलाच नाही, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि तिथंच रुळतं. खान्देशातल्या अमळनेर, पारोळा, शहादा, चोपडा अशा गावांत दुकानदाराचं भांडवल बेताचं असतं. तिथं ही एक गल्लत अख्ख्या हंगामाचा नफा खाते.

लाट म्हणजे एका ठरावीक वस्तूची ओढ. सिनेमातली साडी, मालिकेतल्या नायिकेचा ब्लाउज, रीलमधला एक प्रिंट. कल म्हणजे एखाद्या गुणाची ओढ. घाम शोषणारं कापड, खिसा असलेली कुर्ती, धुतल्यावर इस्त्री न मागणारी साडी. वस्तू बदलली तरी गुणाची मागणी टिकते. म्हणून दोन्ही ओळखायची जागा गल्ल्यावर नाही, काउंटरवर आहे. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून ‘हीच पाहिजे’ म्हणतं तेव्हा लाट बोलत असते. कापड चिमटीत धरून ‘असंच, दुसऱ्या रंगात आहे का?’ असं विचारतं तेव्हा कल बोलत असतो.

हे लक्षात ठेवून भागत नाही, लिहावं लागतं. एका वहीत तीन रकाने पुरतात : काय मागितलं, होतं की नव्हतं, आणि नसल्यावर गिऱ्हाइकाने दुसरं काही घेतलं का. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘तीच’ न मिळाल्याने माणूस रिकाम्या हाती गेला, तर ती वस्तूची ओढ होती. त्याच गुणाचं दुसरं घेऊन गेला, तर गुणाची. मधला रकाना गाळू नका. बऱ्याच दुकानांत एक्सएल आणि डबल एक्सएल पहिल्या आठवड्यातच संपतात, पुढे त्यांची विक्री शून्य दिसते आणि ‘मोठे साइज चालत नाहीत’ असा उलटा निष्कर्ष निघतो. माल नव्हता म्हणून विकला गेला नाही, हे बिलात कुठेच दिसत नाही. ते फक्त वहीत दिसतं.

साइजवरूनही एक अंदाज येतो. लाट बहुतेक वेळा कॉलेजच्या वयात अडकलेली असते, एम आणि एल भराभर संपतात आणि बाकीचे तसेच राहतात. तीच गोष्ट पस्तिशीच्या शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्स, बचतगटाच्या बायका घ्यायला लागल्या की ती कलाकडे झुकली म्हणायला हरकत नाही.

मधे घोळ घालणारी तिसरी गोष्ट : हंगाम

लाट आणि कल यांच्यात गफलत होते ती बरीचशी हंगामामुळे. हंगाम दरवर्षी येतो, पण इंग्रजी तारखेला येत नाही. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरात होतं, २०२६मध्ये ते ८ नोव्हेंबरला. ऑक्टोबरची विक्री मागच्या ऑक्टोबरशी ताडून पाहिली तर २०२६मध्ये सगळंच पडल्यासारखं दिसेल आणि नोव्हेंबरात सगळंच उसळल्यासारखं. तुलना तारखेशी नको, सणाशी करा : दिवाळीआधीचे २१ दिवस विरुद्ध मागच्या दिवाळीआधीचे २१ दिवस.

अधिक मास याहून फसवा. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. एरवी हे दिवस लग्नसराईच्या शेवटच्या धावपळीचे. अधिकात लग्नं थांबतात, म्हणून बस्त्याच्या साड्यांची विक्री बसते. त्याच वेळी धोंड्याच्या महिन्यात जावयाला कपडे केले जातात, त्यामुळे शर्ट-पँट पीस आणि कुर्ते उठतात. हे आकडे पाहून कुणी ‘पुरुषांच्या कपड्यांचा कल वाढतोय’ म्हणून २०२७साठी जास्त माल धरला, तर तो फसणार. २०२६नंतरचा अधिक मास थेट २०२९मध्ये आहे. याआधीचा २०२३चा अधिक श्रावणात, १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा होता. त्या वर्षी श्रावणातला कानबाईचा सण आणि पोळा दोन्ही पुढे सरकले होते. म्हणून २०२३ची पावसाळी विक्री इतर वर्षांशी सरळ ताडता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पैसा कोणत्या पिकाचा. रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी बारमाही चालते, पैसा तुकड्यातुकड्यानं पण वर्षभर येतो. कापसाच्या तालुक्यांत तो दिवाळीच्या आगेमागे एकदम येतो आणि भाव पडला तर वेचलेला कापूस घरात थांबतो, त्याबरोबर खरेदीही थांबते. सातपुड्याच्या पायथ्याशी होळीआधीचे आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार हा स्वतंत्रच हंगाम, तिथले रंग आणि कापड शहरातल्या फळीशी जुळत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा साडी घेते आई आणि नेसते लेक. दोघींची निवड एक नसते, म्हणून आखाजीच्या विक्रीवरून तरुण बायकांचा कल काढू नये. जळगावच्या दुकानाचा अंदाज सातपुड्यातल्या धडगावला लावला तर तो चुकतोच.

बाहेरून येणारे अंदाज कसे वाचायचे

रंगांचे अंदाज बांधणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था हंगामाच्या साधारण दीड ते दोन वर्षं आधी काम सुरू करतात, कारण सूत, रंगाई, विणाई, शिलाई या सगळ्याला तेवढा वेळ लागतो. पँटोन ही रंगांचे नमुने ठरवणारी कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२५साठी मोका मूस हा तपकिरी होता, २०२६साठी क्लाउड डान्सर हा पांढरा. म्हणून काय पांढऱ्याच्या गाठी उचलायच्या? आपल्या बस्त्यात पांढरा कोणी धरत नाही. पण उन्हाळ्यात पुरुषांच्या सुती शर्टात पांढरा आधीपासूनच चालतो, तिथं दोन-चार नग जास्त घ्यायला काही जात नाही. बाहेरचा अंदाज हा असा गाळून घ्यायचा असतो. रंग जगाचा असेल, पण तो कोणत्या प्रसंगाला घालायचा ते इथलं गाव ठरवतं.

सुरतच्या ठोक व्यापाऱ्याचं ‘हे जोरात चालतंय’ याचा अर्थही नीट समजून घ्यावा. त्याने दुकानदारांना किती विकलं ते तो सांगतो, दुकानदाराने गिऱ्हाइकाला किती विकलं ते नाही. शंभर दुकानांनी उचललेला माल शंभर फळ्यांवर पडून असला तरी त्याच्या वहीत तो ‘चालू माल’च असतो. त्याला एकच प्रश्न विचारा : हाच माल दुसऱ्यांदा कोणी नेला?

गूगल ट्रेंड्स फुकट आहे आणि उपयोगाचं आहे, फक्त वाचायची रीत हवी. प्रदेश महाराष्ट्र निवडा, कालावधी पाच वर्षांचा ठेवा, शब्द देवनागरीत आणि इंग्रजीत असे दोन्ही टाकून पाहा. तिथले ० ते १०० आकडे शोधांची संख्या नसतात. त्या कालावधीतल्या सर्वांत वरच्या बिंदूला १०० धरून केलेलं ते प्रमाण असतं. शिखराकडे बघू नका, तळाकडे बघा. लाटेची रेघ सुळक्यासारखी चढते आणि परत जुन्या तळाला येते. हंगामाची रेघ कंगव्यासारखी, दरवर्षी तसाच दात. कलाच्या रेघेत शिखरं कमीजास्त होतात, पण दोन सणांमधला पडता काळ दरवर्षी थोडा वर उचललेला दिसतो. ही रीत तुमच्या स्वतःच्या विक्रीलाही लागू पडते : श्रावणाआधीच्या मंदीच्या दिवसांत, सवलत न देता, कोणती वस्तू विकली जाते ते तपासा.

मागवायचं गणित वेगळं

कल ठरला की साधा हिशेब चालतो. आठवड्याला ६ नग जातात, माल यायला ४ आठवडे लागतात, म्हणजे २४ नग. त्यावर उशीर आणि अचानक मागणी यासाठी ८. फळीवर ३२ उरले की पुढची ऑर्डर द्यायची. हाच हिशेब लाटेला लावणं ही सगळ्यात महागडी चूक. कारण लाटेत आठवड्याचा आकडा सर्वांत मोठा असतो तेव्हाच ती उतरणीला लागलेली असते. शिखरावरचा आकडा धरून मागवलेला माल उतारावर पोचतो.

लाटेला एकदाच, थोडा माल. पुन्हा मागवायचा तर फक्त सात दिवसांत पोचणारा. सुरतेहून ते जमतं, ब्लॉक प्रिंटच्या जॉबवर्कवाल्याकडून जमत नाही. आणि आठवड्याची विक्री शिखराच्या निम्म्यावर आली त्याच आठवड्यात भाव उतरवा. सणापर्यंत थांबू नका. पुढच्या सणाला नवी लाट आलेली असते.

शाश्वत कपडे : यातली लाट कोणती आणि कल कोणता

पर्यावरणाला कमी त्रास देणारे, जास्त टिकणारे कपडे ही मागणी खरी आहे, आणि तिच्या पाठीमागे कायदेही उभे राहत आहेत. युरोपीय संघातल्या देशांना १ जानेवारी २०२५पासून जुनं कापड वेगळं गोळा करावं लागतं. तिथल्या ब्रँडना कापूस कुठला हे विचारलं जातं आणि तो प्रश्न मागे सरकत सूतगिरणीपर्यंत, तिथून जिनिंगपर्यंत (कापसातली सरकी काढतात तिथं) येतो. खान्देशात हा कल दुकानाच्या दाराने कमी आणि कापसाच्या दाराने जास्त शिरतोय.

दुकानात मात्र त्याच नावाखाली बरीच लाट विकली जाते. मातकट रंग, खाकी कागदाची पिशवी, सुतळीने बांधलेला टॅग आणि आत पॉलिस्टर. गिऱ्हाइकाला उत्तर देता यावं म्हणून एवढं माहीत असू द्या. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या चिन्हासह ‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय लागतो. ‘अमुक टक्के सेंद्रिय’ असं लिहायचं तर किमान ७०. ‘बेटर कॉटन’ म्हणजे सेंद्रिय नव्हे. त्यात पाणी आणि कीटकनाशकं जपून वापरायची शिस्त असते, पण बीटी (जनुक बदललेलं) बियाणं चालतं. सेंद्रियात ते चालत नाही. बेटर कॉटन बराच काळ निव्वळ हिशेबावर चालत आलं : असा जितका कापूस साखळीत शिरला तितक्याची नोंद पुढे जाते, पण नेमका तोच धागा तुमच्या हातातल्या शर्टात असेलच असं नाही. माग काढता येईल असा पर्याय २०२३मध्ये सुरू झाला. आणि खादी म्हणजे हातानं कातलेलं, हातानं विणलेलं कापड. गिरणीच्या कापडावर ‘खादी कॉटन’ लिहिलं म्हणून ते खादी होत नाही.

आपल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी ‘शाश्वत’ हा शब्द क्वचितच असतो. ते म्हणतं, ‘गरम नको व्हायला’, ‘रंग नको जायला’, ‘दोन वर्षं तरी टिको’. हा पक्का कल आहे आणि तो मुख्यतः सुती कापडाकडे जातो. इथंच दुकानदार घसरतो, कारण ‘कॉटन’ म्हणून आलेला माल पुष्कळदा रेयॉन, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याचा, असतो. हाताला मऊ, अंगावर सैल पडणारा, आणि पहिल्या धुण्यात आखडणारा.

ओळखायची पद्धत अशी. कापडाचे उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढा, कारण एका दिशेला सूत आणि दुसऱ्या दिशेला पॉलिस्टर असं कापड सर्रास येतं. दोन्ही जाळून पाहा. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि काळी कडक गोळी उरते. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख होते. रेयॉनही तसंच जळतं, म्हणून तिथं ज्योत कामाची नाही, पाणी कामाचं. धागा ओला करून दोन हातांनी ताणा : ओलं सूत जास्त बळकट होतं, ओलं रेयॉन पटकन तुटतं.

आखडणं मोजायला कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या पेनाने आखा, घरी धुतात तसं धुवा, सुकवा, मोजा. बाजू ४७.५ भरली तर ५ टक्के आखडलं. शिवलेल्या कुर्तीला एवढं म्हणजे जवळजवळ एक साइज कमी. वजनासाठी १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून ग्रॅममध्ये तोला आणि शंभराने गुणा, १.१ ग्रॅम भरला तर ११० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ११० ग्रॅम. रंगासाठी ओलं पांढरं फडकं दहा वेळा घासा. उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांची तपासणी, चौकोन, तोल, फडकं, हे सगळं नमुन्याच्या मीटरभर कापडात होतं. गाठ सोडवण्याआधी करायचं, नंतर नाही.

न विकलेला नग पर्यावरणाच्या हिशेबात सर्वांत वाईट ठरतो. पाणी, रंग, वीज, वाहतूक सगळं खर्च झालेलं असतं आणि अंगावर मात्र तो कुणाच्याच येत नाही. त्यामुळे अंदाज नेमका बांधणं हेही शाश्वततेचंच काम आहे, टॅगवर काहीही लिहिलेलं असो.

एकाच वस्तूत दोन्ही असतील तर ती फोडून मागवता येते. समजा उन्हाळ्यासाठी १०० सुती कुर्त्या हव्यात. कापड हा कल आहे, प्रिंट ही लाट. ६० नग साध्या रंगांत आणि जुन्या बारीक प्रिंटमध्ये घ्या, सगळ्या साइजमध्ये. उरलेले ४० चालू प्रिंटचे, पण वीस-वीसच्या दोन ऑर्डरींत. पहिले वीस होळीच्या सुमाराला फळीवर लागले पाहिजेत. दुसऱ्या विसांचा प्रिंट तेव्हा ठरवायचा नाही. वहीचा तिसरा रकाना तीन आठवडे भरू द्या आणि मग, आखाजीला पंधरा दिवस उरले असताना, सुरतला फोन करा.