एमआर स्पेक्ट्रोस्कोपी : मेंदूतील कर्करोगी गाठींची रासायनिक ओळख

एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटमापन) ही एमआरआयच्याच यंत्रावर, कवटी न उघडता, मेंदूच्या निवडलेल्या भागातील रसायने अजमावण्याची पद्धत आहे. एमआरआयचे चित्र मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनच्या संकेतांतून तयार होते. इथे मात्र पाण्याचा संकेत आधी दाबावा लागतो, कारण शोधायची द्रव्ये त्याच्या तुलनेत हजारो पटींनी विरळ असतात. रेणूतील शेजारच्या अणूंमुळे हायड्रोजनची वारंवारता किंचित सरकते. ही सरक पीपीएममध्ये (दशलक्षांश भागांत) मोजून आलेख काढतात आणि शिखराच्या जागेवरून द्रव्य ओळखतात.

निरोगी प्रौढ मेंदूच्या आलेखात २.० पीपीएमवरचे एनएए (एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट), म्हणजे चेतापेशींतील द्रव्य, सर्वांत उंच असते. ३.० ला पेशींच्या ऊर्जाव्यवहारातले क्रिएटिन आणि ३.२ ला पेशीपटलांशी निगडित कोलीन दिसते. ग्लायोमात (मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीत) पेशीपटलांची घडामोड वाढल्याने कोलीन चढते, तर चेतापेशी नष्ट झाल्याने एनएए खचते. ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे ग्लायोमाच्या सर्वांत आक्रमक प्रकारात, १.३ जवळ लॅक्टेट आणि मृत ऊतींतला मेद यांचीही भर पडते. दोघांची जागा एकच; पण ‘एको टाइम’ (रेडिओ स्पंद दिल्यापासून संकेत टिपेपर्यंतचा काळ) १४४ मिलिसेकंद ठेवला की लॅक्टेटचे जोडशिखर आधाररेषेखाली उलटे होते आणि वेगळे कळते.

कोलीन वाढले म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. मायलिन (चेतातंतूंवरचे आवरण) झिजण्याच्या काही विकारांतही ते वाढते. भारतात क्षयाच्या गाठीचा प्रश्न नेहमीचा आहे, कारण चित्रात तीही कडेने उजळणारे कडे दाखवते. तिच्यात मेदाचे शिखर ठळक असते; पूयुक्त गळूत ०.९ जवळ अमिनो आम्ले सापडतात. गाठीभोवतीचा भागही तपासावा लागतो : ग्लायोब्लास्टोमा आजूबाजूला झिरपत असल्याने तिथेही कोलीन वाढलेले असते, दुसऱ्या अवयवातून आलेल्या गाठीभोवती सहसा नसते.

या पद्धतीचा सर्वांत नेमका उपयोग आयडीएच या विकराच्या जनुकातील उत्परिवर्तनाशी निगडित आहे. उत्परिवर्तित विकर २-हायड्रॉक्सीग्लुटारेट तयार करते. निरोगी मेंदूत ते जेमतेम असते. त्याचे २.२५ जवळचे शिखर रुग्णांच्या मेंदूत टिपता येते, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात प्रौढांच्या ग्लायोमांची विभागणी आयडीएचवर आधारलेली असल्याने या शिखराचे मोल मोठे. अडचण एवढीच की ग्लुटामेट आणि ग्लुटामिन यांची शिखरे त्याच्या अगदी लगत येतात, आणि गाठ लहान असेल तर संकेत हाती लागत नाही.

हाड, हवा किंवा जुना रक्तस्राव जवळ असेल तर आलेख बिघडतो. डोक्याच्या त्वचेखालच्या चरबीचा संकेत आत शिरला तर मेदाचे खोटे शिखर उगवते. कोलीन-एनएएसारख्या गुणोत्तरांचे आकडे यंत्र आणि तंत्रानुसार बदलतात, म्हणून एका केंद्राची मर्यादारेषा दुसरीकडे जशीच्या तशी लावणे धोक्याचे. पक्के निदान बायोप्सीवरच होते. सुई गाठीच्या नेमक्या कोणत्या भागात न्यावी, हे ठरवायला कोलीनचा नकाशा उपयोगी पडतो.