चीटिंग दुसऱ्याने केलं, मग गिल्टी मला का वाटतं?

माझ्या एका मैत्रिणीला नवऱ्याचं अफेअर कळलं त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या रात्री तिने फोनमध्ये एक यादी केली होती, मला बऱ्याच दिवसांनी दाखवली. मला वाटलं त्याने काय काय खोटं सांगितलं ते लिहिलं असेल, पण वर होतं 'माझं काय चुकलं' आणि खाली १९ मुद्दे. पहिला होता 'वजन वाढलं', तिसरा 'त्याच्या ऑफिसचं काही विचारायचे नाही', सातवा 'मी बोअरिंग आहे', बारावा 'फोन उलटा ठेवायला लागला तेव्हाच कळायला हवं होतं' आणि शेवटचा, एकोणिसावा, 'अजून राग जात नाहीये'.

मला ती यादी वाचून रडू आलं, कारण खोटं त्याने बोललं होतं आणि जबानी ही देत होती. पण नंतर या विषयावरचं संशोधन वाचायला लागले तेव्हा कळलं की हे फार कॉमन आहे, पुरुषांमध्ये पण, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. आणि हे काही वेडेपणा किंवा कमकुवत मनाचं लक्षण वगैरे नाहीये, मेंदू यातून काहीतरी मिळवायला बघत असतो.

काय मिळवतो ते एका जुन्या अभ्यासावरून समजतं. १९७७ मध्ये रॉनी बुलमन आणि कॅमिल वॉर्टमन या दोघींनी अपघातात मणक्याला मार लागून पॅरलाइझ झालेल्या २९ लोकांशी बोलून पाहिलं की ते दोष कोणाला देतात आणि या सगळ्याशी कसं जुळवून घेतायत. कोणालाही वाटेल की स्वतःला दोष देणारे जास्त खचले असतील, पण निघालं उलटंच, जे स्वतःला जबाबदार धरत होते ते जास्त चांगले सावरले होते. कारण चूक माझी असेल तर निदान जग तरी नियमाने चालतं, मी नीट वागलो तर पुन्हा असं होणार नाही. चूक माझी नसेल तर मग हे कधीही कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, आणि हा विचार दोषाच्या ओझ्यापेक्षा जास्त भीतिदायक असतो. म्हणजे आपण गिल्ट अंगावर घेतो आणि बदल्यात थोडासा कंट्रोल परत मिळवतो.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. 'हा अपघात मला टाळता आला असता' असं ज्यांना वाटत होतं त्यांचं सावरणं अवघड गेलं. याच बुलमनबाईंनी (नंतर त्या जेनॉफ-बुलमन नावाने लिहायला लागल्या) १९७९ मध्ये स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे केले, एक वागण्याला दोष आणि दुसरा स्वभावाला, म्हणजे 'मी असं केलं' आणि 'मी आहेच अशी'. वागणं उद्या बदलता येतं, 'मी आहेच अशी' याला मात्र काही उपाय नसतो आणि त्यातूनच माणूस डिप्रेशनकडे सरकतो. मैत्रिणीच्या यादीत तिसरा मुद्दा पहिल्या प्रकारचा होता, सातवा दुसऱ्या. तिला मात्र दोन्ही सारखेच वाटत होते, एकाच यादीत एकाखाली एक.

इथे एक गोष्ट मी अगदी ठासून सांगेन, कारण लोक (आणि कधीकधी घरातलेच लोक) यात फार गोंधळ घालतात. नातं थंड पडलं, बोलणं कमी झालं, भांडणं वाढली, यात दोघांचाही वाटा असू शकतो आणि तो बघायची तयारी असेल तर जरूर बघावा. पण थंड पडलेल्या नात्याचं काय करायचं याचे रस्ते पुष्कळ असतात, बोलता येतं, भांडता येतं, काउन्सेलरकडे जाता येतं, सरळ वेगळं होता येतं. हे सगळं सोडून लपून दुसरीकडे जायचं हे एकाच माणसाने ठरवलं आणि ठरवताना दुसऱ्याला विचारलं नाही. ज्या गोष्टीबद्दल तुम्हाला माहितीच नव्हतं तिचा निर्णय तुमचा कसा असेल? डग्लस स्नायडर, डॉनल्ड बॉकम आणि क्रिस्टिना गॉर्डन या तिघांनी अफेअरनंतरच्या जोडप्यांसाठी जी उपचारपद्धत तयार केली तिच्यातही आधी बसलेला धक्का सावरायचा, मग हे कसं घडलं ते समजून घ्यायचं आणि सगळ्यात शेवटी पुढे काय ते ठरवायचं असा क्रम आहे. परिस्थिती समजून घेताना दोघांकडेही बघतात, पण अफेअरची जबाबदारी ज्याने केलं त्याच्याकडेच राहते.

आता बारावा मुद्दा, फोन उलटा ठेवायचा तो. 'मला कळायला हवं होतं' हे वाक्य फसवल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या तोंडी असतं आणि ते आतून फार पोखरतं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत दौऱ्यावर जाणार होते, त्याच्या आधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी काही विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं की या दौऱ्यात अमुक घडेल याची शक्यता किती, तमुक घडेल याची किती. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते ते आठवून सांगा. तर ज्या गोष्टी खरंच घडल्या त्यांना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं त्यांना आठवायला लागलं, प्रत्यक्षात दिली नव्हती. निकाल कळला की मेंदू मागे जाऊन आठवण दुरुस्त करतो, आणि ती आपण दुरुस्त केलीये हे आपल्याला कळत पण नाही.

उलटा ठेवलेला फोन आज पुरावा दिसतो कारण आज शेवट माहितीये. त्या दिवशी तो फक्त एक फोन होता, टेबलावर उलटा पडलेला, आणि अशी शंभर कारणं असतात ज्यासाठी कोणीही फोन उलटा ठेवतं.

याच्या पुढची पण एक गोष्ट आहे. जेनिफर फ्रायड या मानसशास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून मांडत आल्यात की ज्या माणसावर आपण अवलंबून असतो त्याची फसवणूक बघणं मन काही वेळा नकळत टाळतं. कारण बघितलं तर काहीतरी करावं लागेल, आणि केलं तर घर, मुलं, आधार सगळंच हलेल. म्हणजे डोळ्यावरची ती पट्टी मूर्खपणाची नसते, मन तेव्हा जे टिकवणं गरजेचं होतं ते टिकवत होतं. ज्यांना पैशासाठी किंवा राहण्यासाठी पार्टनरचाच आधार आहे त्यांनी तर स्वतःला 'बावळट' म्हणणं आधी बंद करावं.

शरीराचं काय होतं हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं आपण नाटक करतोय. रात्री तीनला जाग येणं, पोटात गोळा, छातीत दुखल्यासारखं, आणि ते फोटो. जुने फोटो उघडून तारखा जुळवत बसणं, हा ट्रिपचा फोटो मार्चमधला म्हणजे तेव्हा पण चालूच होतं का, मग हा हसतोय तो कोणाला मेसेज करून आल्यावर हसतोय. २०११ मध्ये इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी नुकतंच मनाविरुद्ध ब्रेकअप झालेल्या ४० लोकांना स्कॅनरमध्ये ठेवून त्यांच्या एक्सचा फोटो दाखवला आणि वेगळं हातावर गरम चटका (सोसेल इतकाच) पण दिला. मेंदूतले शरीराच्या वेदनेचे काही भाग दोन्ही वेळेला जागे झाले. नंतर २०१४ मध्ये आणखी बारकाईने बघितल्यावर कळलं की भाग तेच असले तरी त्यांच्या आतला पॅटर्न वेगवेगळा आहे, त्यामुळे 'मन दुखणं आणि हाड दुखणं मेंदूला सेमच' असं सरसकट जे लिहिलं जातं ते खरं नाहीये, पण शेजार मात्र जवळचा आहे. आणि वारंवार तेच दृश्य डोळ्यासमोर येणं, दचकणं, झोप उडणं ही लक्षणं मोठ्या आघातानंतर दिसतात तशीच असतात, जरी पीटीएसडीच्या (आघातानंतर होणाऱ्या मानसिक आजाराच्या) अधिकृत व्याख्येत अफेअर बसत नसलं तरी. त्या व्याख्येला जिवाचा धोका, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा लागते.

लोक सांगतात विचार करू नकोस. डॅनियल वेग्नरने १९८७ मध्ये लोकांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर जेव्हा 'आता करा विचार' म्हटलं तेव्हा ते अस्वल पहिल्यापासून विचार करायला सांगितलेल्या लोकांपेक्षा यांच्या डोक्यात जास्त यायला लागलं. त्यामुळे हा सल्ला देणाऱ्यांनी तो प्लीज देऊ नये.

मग एकोणिसावा मुद्दा. कळल्यावर तीन-चार दिवसांत राग गेला नाही याचा पण गिल्ट! हा गिल्ट बाहेरून येतो, 'झालं गेलं गंगेला मिळालं', 'मोठ्या मनाने माफ कर', 'किती दिवस धरून बसणार'. माफीवर शास्त्रीय अभ्यास १९८० च्या दशकात नीट सुरू झाला, विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइट त्यातले अगदी सुरुवातीचे. त्यांचं पहिलं काम होतं माफी म्हणजे काय नाही ते सांगणं, ती विसरणं नाही, चूक बरोबर ठरवणं नाही, आणि परत एकत्र येणं तर नाहीच. एकत्र यायला दोन माणसं लागतात आणि दुसऱ्याने विश्वास ठेवण्यासारखं वागावं लागतं, माफी एकट्याने करता येते, समोरचा आयुष्यातून निघून गेला तरी. माझी मैत्रीण आता नवऱ्यासोबत राहत नाही, माफ केलंस का विचारलं की म्हणते बरंचसं, आणि काही दिवशी अजिबात नाही. एव्हरेट वर्थिंग्टन यांनी हेच वेगळ्या शब्दांत मांडलंय, बदला घ्यायचा नाही हे ठरवणं ही एक माफी आणि आतला राग खरंच ओसरणं ही दुसरी. पहिली एका दिवसात होऊ शकते, दुसरीला तारीख देता येत नाही. ज्यांना वाटतं 'मी माफ केलं म्हटलं होतं मग परत चीड का येते, मी खोटं बोलले का', त्यांच्यासाठी एवढं समजणं पण खूप असतं.

राग धरून ठेवल्याने शरीराला त्रास होतो हे खरं आहे. २००१ मध्ये शार्लट विटव्लिट यांनी ७१ जणांना त्यांना खरंच दुखावलेल्या माणसाचा विचार करायला सांगितला, एकदा जखम उगाळत आणि एकदा माफ करण्याच्या दिशेने, आणि उगाळताना हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, कपाळावरच्या स्नायूंचा ताण सगळंच जास्त वाढलं. पण यावरून 'लगेच माफ करा, तब्येतीला चांगलं' असं सांगणारे लोक जेम्स मॅकनल्टी या मानसशास्त्रज्ञाचं काम सांगत नाहीत. त्याने नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांना चार वर्षं फॉलो केलं. जे सहज माफ करत होते त्यांच्या पार्टनरचं टाकून बोलणं, हात उगारणं चार वर्षं तसंच चालू राहिलं, जे कमी माफ करत होते त्यांच्या पार्टनरचं ते कमी होत गेलं. आणखी एका अभ्यासमालिकेत (२०१०, लॉरा लुकीज आणि सहकारी) दिसलं की समोरचा खरंच सुधारत असेल तर माफ केल्याने स्वतःबद्दलचा आदर वाढतो, सुधारत नसेल तर माफ करणाऱ्याचाच स्वतःबद्दलचा आदर कमी होतो. म्हणून ज्यांना 'माफ करता येत नाही' याची लाज वाटते त्यांनी आधी हे बघावं की समोरून काय येतंय, कदाचित तुमचा राग बरोबरच काम करत असेल. आणि उलट ज्यांनी विचार करून माफ केलं, संसार पुढे नेला आणि आता लोक म्हणतात 'हिला स्वाभिमान नाही', त्यांच्याबाबतीत पण प्रश्न तोच, समोरचा बदललाय का? बदलला असेल तर लोकांना बोलू द्या.

समोरून काय येतं हे ज्याने अफेअर केलं त्याच्या गिल्टवर अवलंबून असतं. जून टँगनी यांनी वर्षानुवर्षं दाखवलंय की 'मी वाईट केलं' असं वाटणारा माणूस भरपाई करायला बघतो आणि 'मी वाईटच आहे' असं वाटणारा लपतो, चिडतो, आणि शेवटी दोष समोरच्यावर ढकलतो. त्यामुळे 'मी तुझ्या लायकीचाच नाही' म्हणून रडणाऱ्या पार्टनरची समजूत घालत बसण्यात रात्र गेली तर त्याला माफी मागणं म्हणत नाहीत. प्रश्नांची उत्तरं देणं, दहाव्यांदा विचारलं तरी देणं, हे माफी मागणं आहे. कपल थेरपी घेतलेल्या जोडप्यांचा पाच वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला, अफेअर झालेली जोडपी त्यात थोडीच होती म्हणून आकडे सांगत नाही, पण जिथे अफेअर उघड झालं होतं ती जोडपी लपवलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात टिकली.

काय करावं म्हणाल तर एक साधी गोष्ट, लिहा, पण यादी नको. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी काय झालं आणि काय वाटलं दोन्ही लिहिलं त्यांना लगेच आणखी वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. अगदी पहिल्या आठवड्यात, झोपच नसताना, हे करू नये असं मला वाटतं, थोडं थांबून करावं. आणि थेरपिस्टकडे जात असाल तर एकदोन सेशनमध्ये माफ झालं नाही म्हणून निराश होऊ नका, २०१४ मध्ये ५० हून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा माफीवरच्या थेरपीत जितका जास्त वेळ दिला तितका फरक जास्त दिसला.

झोप आठवडोनआठवडे लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा आपण नसलेलंच बरं असे विचार यायला लागले असतील तर मात्र वाट बघत बसू नका, आजच कोणालातरी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. अफेअरबद्दल सांगायची लाज वाटत असेल तर तिथे एवढंच म्हणा की घरात मोठा धक्का बसलाय, झोप नाहीये आणि जगावंसं वाटत नाहीये. पुढचं ते विचारतील.