तळाच्या कुंपणाबाहेर लष्कराचा हुकूम चालतो का?

अमेरिकेत लष्करी तळाशेजारी काय बांधायचं हे लष्करच ठरवतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कुंपणाबाहेरच्या जमीनवापराचे नियम शहर किंवा काउंटी करते; लष्कर फक्त शिफारस करतं.

हवाई तळांबाबत ती शिफारस नेमकी असते. लढाऊ विमानांच्या धावपट्टीच्या टोकापासून 3,000 फूट मोकळे ठेवायचे, मग 5,000 आणि 7,000 फुटांचे अपघातप्रवण पट्टे. पहिल्यात घरं नकोत, दुसऱ्यात अगदी विरळ चालतील, शाळा कुठेच नकोत. नकाशा कितीही स्पष्ट असला, तरी तो मानायचा की नाही हे स्थानिक परिषदेच्या हाती.

व्हर्जिनिया बीचमध्ये ओशियाना नौदल हवाई तळाभोवती वस्ती दाटली, ती नौदलाच्या हरकती असतानाही शहराने दिलेल्या परवानग्यांमुळे. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण धोका कागदावर आधीच होता. 2005 मध्ये, कोणते लष्करी तळ ठेवायचे आणि कोणते बंद करायचे हे पाहणाऱ्या फेररचना आयोगाने या वस्तीमुळे तिथली लढाऊ विमानं हलवण्याची टांगती तलवार ठेवली. मग शहर आणि राज्याने सरकारी पैशांतून त्या पट्ट्यातल्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा तिथे घर घेणाऱ्याने आवाजाचे आणि अपघातप्रवण पट्ट्यांचे नकाशे शहराच्या नियोजन विभागात आधी पाहावेत.