किल्ला पडणारच, मग खेळायचं कशाला?

"मामा, मी मुघल. म्हणजे जिंकलोच!" भाच्याने पट मांडल्या मांडल्या हिरव्या सोंगट्या स्वतःकडे ओढल्या आणि माझ्या महिनाभराच्या खटपटीवर पाणी पडलं.

साताऱ्यात आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोरच दिसतो. त्याच्या वेढ्याचा खेळ करायचं मी मनावर घेतलं होतं. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः किल्ल्याखाली तळ ठोकून बसला. प्रयागजी प्रभूंनी एप्रिल १७०० पर्यंत किल्ला झुंजवला, मग तो पडला. शेवट ठरलेला. मग दोघांना सारखी संधी द्यायची कशी?

पहिला मोह होतो तो सैन्य सारखं वाटून देण्याचा. पण मग तो साताऱ्याचा वेढा राहत नाही, बुद्धिबळ होतं.

शिवाय संख्येचा हिशोब वाटतो तितका सरळ नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात तो मांडला. उघड्या मैदानात बंदुका घेतलेले १००० विरुद्ध ६०० असे शेवटपर्यंत लढले, तर हजारांतले ४०० उरतील असं आपण पटकन म्हणतो. लँचेस्टरच्या गणितात उरतात ८००! कारण जास्त असलेल्यांच्या सगळ्या बंदुका एकाच वेळी थोड्यांवर रोखलेल्या असतात. म्हणून ताकद संख्येच्या वर्गाने मोजायची: दहा लाखांतून तीन लाख साठ हजार वजा केले की सहा लाख चाळीस हजार, त्याचं वर्गमूळ ८००. तेच सैन्य अरुंद वाटेवर एकास एक भिडलं, तर मात्र साधी वजाबाकी चालते आणि ४००च उरतात. डोंगरी किल्ल्याची करामत ही अशी. तो शत्रूची संख्या कमी करत नाही, त्या संख्येचा वर्ग होऊ देत नाही. माझ्या पटावर म्हणूनच मैदानासाठी एक कोष्टक आहे आणि दरवाजासाठी वेगळं.

नशिबाला फासे. प्रशियाच्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये सैन्याच्या सरावासाठी केलेल्या युद्धपटातही ते होतेच. एका फाशावर १ ते ६ सगळे आकडे सारख्याच वेळा पडतात. दोन फाशांच्या ३६ जोड्यांत मात्र बेरीज ७ येते सहा वेळा आणि २ येते फक्त एकदा. सुरुंगासाठी मी दोन फासे ठेवले. साताऱ्याला मुघलांनी उडवलेल्या सुरुंगांपैकी एकाचे दगड त्यांच्याच माणसांवर कोसळले होते. बेरीज २ किंवा ३ आली की सुरुंग उलटतो, म्हणजे ३६ पैकी तीनदा. भाच्यावर तो पहिल्याच डावात उलटला. (मला वाईट वाटलं नाही.)

राहिला मूळ प्रश्न. किल्ला कोणाचा, हे विचारणं मी सोडून दिलं. किती दिवस, एवढंच विचारायचं. एक फेरी म्हणजे एक आठवडा. अठरा फेऱ्यांच्या आत किल्ला पडला तर मुघल जिंकले, त्यापुढे टिकला तर मराठे. पावसाळ्याआधी उरकायची घाई असलेल्या बादशहाचा खरा शत्रूही पंचांगच होतं.

वीस डाव झाले. मुघल १२, मराठे ८. "बघा, मुघल जड आहेत," भाचा म्हणाला. मी त्याला वीस वेळा नाणं उडवायला लावलं. खोट नसलेलं नाणंसुद्धा असं वीसदा उडवलं, तर १२ किंवा जास्त छापे चारांतून एकदा तरी पडतात. १२-८ वरून काहीच सिद्ध होत नाही. १५-५ असतं तर संशय घ्यावा, कारण तसं शंभरात जेमतेम दोनदा घडतं. नियम बदलायची घाई मीही दोनदा केली होती, कबूल करतो.

तरी त्याचं समाधान होईना. तेव्हा आम्ही लिलाव काढला. किल्ला जास्त आठवडे टिकवीन असं जो सांगेल, त्याला मराठे. आता अठराचा आकडा मी ठरवायचा नाही, बोली लावणाऱ्यांनीच ठरवायचा. आकडा चढत जातो आणि तो इतका चढला की समोरच्याला आता मुघलच बरे वाटतात, तिथे बोली थांबते.

काल रात्री मी अठरा म्हणालो. तो म्हणाला एकोणीस. मी वीस. त्याने खिडकीतून एकदा किल्ल्याकडे पाहिलं आणि हिरव्या सोंगट्या माझ्यापुढे सरकवल्या. "एकवीस."