जिम्नॅशियम: कुठे घाम, कुठे व्याकरण

ग्रीक भाषेत ‘गिम्नोस’ म्हणजे उघडानागडा. अथेन्सचे तरुण अंगाला तेल चोपडून, चिंधीही न ठेवता जिथे कसरत करत, ती जागा ‘गिम्नासिऑन’. वेशीबाहेरच्या अशा तीन जागा नावाजलेल्या होत्या: अकादमी, लायसियम आणि किनोसार्जेस. पहिलीत प्लेटोने शिकवलं, दुसरीत अ‍ॅरिस्टॉटलने. तरुण आयतेच जमलेले, वर झाडांची सावली. तत्त्वज्ञांना आणखी काय हवं! पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

इंग्रजीने त्यातला व्यायाम उचलला, जर्मनने शिक्षण. १५३८ साली योहान्स श्टुर्म या शिक्षणतज्ज्ञाने स्ट्रासबुर्गमध्ये उभी केलेली लॅटिन शाळा जिम्नॅशियम म्हणून गाजली. १८१२ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने ठरवलं, की विद्यापीठप्रवेशाची परीक्षा घेऊ शकेल तीच शाळा ‘गिम्नाझियम’. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी बर्लिनच्या हासेनहाइडेत फ्रीडरिश लुडविग यानने व्यायामाचं मैदान उघडलं होतं. कट्टर राष्ट्रवादी माणूस, ग्रीक नाव कशाला घेईल? त्याने व्यायामासाठी ‘टुर्नेन’ हा शब्द रूढ केला. जर्मन शाळेतला व्यायामाचा हॉल आजही ‘टुर्नहाले’च.

मराठी माणसाला याचं फार नवल वाटू नये. अरबीत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. तोच शब्द कोल्हापुरात लाल मातीत उतरला.

फ्रेंच तर एकाच भाषेत दोन्ही अर्थ बाळगते. पॅरिसमध्ये ‘जिम्नाझ’ म्हणजे व्यायामाचा हॉल. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात मात्र विद्यापीठाआधीची शाळा. खुद्द ग्रीसमध्येही ‘गिम्नासिओ’ आता प्राथमिकनंतरच्या तीन इयत्तांची शाळा आहे. व्यायाम करायचा तर ‘गिम्नास्तिरिओ’ गाठायचं.

सगळ्यात मजेशीर प्रकार इटलीत. तिथलं ‘जिन्नाझिओ’ पूर्वी पाच वर्षांचं होतं. १९४० मध्ये पहिली तीन वर्षं काढून वेगळी माध्यमिक शाळा केली, पण उरलेल्या दोन वर्षांचे आकडे कुणी बदलले नाहीत. त्यामुळे चौदाव्या वर्षी ‘लिचेओ क्लासिको’त, म्हणजे लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या वरच्या शाळेत, पाऊल ठेवणारं पोर थेट ‘चौथी जिन्नाझिओ’त बसायचं आणि पुढे दोन वर्षांनी ‘पहिली लिचेओ’त जायचं. कागदोपत्री हे आता सरळ झालंय, तरी अनेक शाळांत पहिल्या वर्षाला अजून चौथीच म्हणतात.